माघारीचा दिवा

"आबा, आमच्या भाषेत चूक झाली तरी ती झालेली नसते," मी म्हणालो.

जयसिंगआबा थोरवत उकडलेलं अंडं सोलत होते. ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे चेअरमन, आणि अंडी उबवायच्या ज्या हॅचरीच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो तिचेही मालक. माळाच्या या टोकाला कॉलेज, त्या टोकाला हॅचरी. वारा फिरला की फिजिक्सच्या तासाला कोंबड्यांचा वास यायचा आणि पोरं वहीने वारा घेत बसायची.

"झाली तरी झालेली नसते," आबा म्हणाले. "म्हंजे आमच्या थोरल्यासारखं. गाडी ठोकून येतो आन म्हंतो, कुठं काय झालंय."

"तसं नाही, आबासाहेब." माझ्या शेजारचे अष्टपुत्रे सर पुढे सरकले. सर आमचे विभागप्रमुख. बोलताना डोळे मिटायची त्यांना सवय होती. "नेहमीच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रश्न विचारला की एकच उत्तर मिळतं. मी जी नवी भाषा केली आहे, तिच्यात एका प्रश्नाला अनेक उत्तरं मिळतात. एक गाठोडंच मिळतं म्हणा ना. भाषा पहिलं उत्तर घेऊन पुढे चालू लागते. पुढे कुठे अडलं, तर जिथे गाठोडं सोडलं होतं तिथे आपोआप माघारी येते आणि दुसरं उत्तर घेऊन निघते. मधलं सगळं पुसलं जातं. जणू ती त्या वाटेला गेलीच नव्हती."

"आन हे अंड्याला कसं लावणार?"

"मशीन अंडं बघेल. भरलेलं, कोरं की कुजकं, ही तीन उत्तरं. पहिलं चुकलं तर माघारी, दुसरं. ते चुकलं तर तिसरं. तिसरं चुकू शकत नाही, कारण चौथं नाहीच."

आबांनी अर्धं अंडं तोंडात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. "हुपरीकर सर, तुमची फाईल माझ्याकडं तीन वर्षं पडलीया."

"हो, आबा."

"गुरुवारी तुमच्या मशीननं एक ट्रे नीट निवडला, तर शुक्रवारी कायमची ऑर्डर. न्हाई निवडला, तर जूनपास्नं मी दुसरा मास्तर बघतो. उगा झुलवत ठेवायला मला बी बरं वाटत न्हाई."

"चालेल, आबा," मी म्हणालो. तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं होतं. तीन वर्षं मी तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जो तास शिकवला त्या तासापुरता प्राध्यापक, बाकी वेळ कोणीच नाही, आणि मे महिन्यात तर मुळीच नाही. आई मात्र गल्लीत सगळ्यांना सांगून बसली होती की मिलिंद प्रोफेसर झाला.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. अजून मी ऑम्लेटच्या गाडीसमोरून जाताना श्वास धरतो.

भाषेचं नाव होतं बहुमुखी. पोरं तिला दुसऱ्याच नावाने ओळखायची, ते इथे लिहीत नाही. सरांनी तिच्यावर सहा वर्षं घालवली होती. अनेक उत्तरं देणाऱ्या भाषा असतात, माघारी जाणाऱ्याही असतात, पण या दोन्ही गोष्टी एका पातेल्यात घालून ढवळणारा पहिला माणूस मीच, असं सर म्हणायचे. बाकीच्यांनी त्या का ढवळल्या नव्हत्या हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

मशीन म्हणजे एक अॅल्युमिनियमचा हात. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला. त्याच्या टोकाला रबरी कप. कपातून हवा ओढली की अंडं चिकटतं, हवा फुंकली की सुटतं. प्रयोगशाळेत अंडी आणायला सरांची परवानगी नव्हती, कारण सरांच्या घरी अंड्याचा शब्दसुद्धा चालत नसे. म्हणून आम्ही टेबल टेनिसचे चेंडू घेतले. काही चेंडूंत मी सिरिंजने पाणी भरलं, काहींत वाळू, काही कोरे ठेवले. असे तीस चेंडू ट्रेत मांडायचे. हात एकेक चेंडू उचलून, आत काय आहे ते दिसावं म्हणून दिव्यावर धरून, तीनपैकी एका खोक्यात ठेवायचा. सहा चेंडूंची ओळ संपली की खोकी काट्यावर तोलून, त्यांत असायला हवं तेवढंच वजन आहे का ते बघितलं जायचं. वजन जुळलं नाही की बहुमुखी माघार घ्यायची. माघार घेतल्याची खूण म्हणून मशीनवर एक हिरवा दिवा लागायचा.

चार महिने आम्ही हे केलं. सर स्क्रीनसमोर बसायचे, मी टेबलापाशी उभा राहायचो. दिवा लागायचा, हात परत फिरायचा, दुसरं उत्तर, तिसरं उत्तर, आणि शेवटी तीसच्या तीस चेंडू आपापल्या खोक्यात. एकदाही चुकलं नाही. सर डोळे मिटून म्हणायचे, "हुपरीकर, निसर्गसुद्धा इतका नीट माघार घेत नाही."

आणि मी, देवा, मान डोलवायचो.

गुरुवारी सकाळी नऊला मशीन टेम्पोत घालून हॅचरीत नेलं. तपासणीची खोली लांबट, बुटकी, बिनखिडकीची. भिंतीला पिंपाएवढा पंखा घरघरत होता. आत एक गोडसर, ओला वास होता. कोंबडीचा नाही, शेणाचा नाही. पहिल्या श्वासाला वाटतं, काही नाही, सवय होईल. तिसऱ्या श्वासाला घसा आपोआप मिटतो. सरांनी नाकाला रुमाल लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

खोलीत एक बाई पाटावर बसून अंडी तपासत होत्या. शकुंतला वायदंडे, सगळे शकुताई म्हणायचे. वय पन्नाशीचं. समोर तुपाचा रिकामा डबा, त्याला रुपयाएवढं भोक, आत बल्ब. एका हाताने अंडं भोकावर टेकवायच्या, मनगट वळवायच्या, आणि बघताबघता अंडं डावीकडे किंवा उजवीकडे. बघत होत्या असं म्हणायलाही जीभ वळत नाही, कारण त्यांचं लक्ष आमच्याकडेच होतं.

"ह्योच का माझ्या सवतीचा पोरगा," त्या मशीनकडे बघून म्हणाल्या.

"तुम्हाला मदतच होईल, ताई," मी म्हणालो.

"मदत कशाला? मी काय तक्रार केली व्हती का?" त्यांनी एक अंडं उचललं. "ह्ये बघा. भरलेलं. आत पिल्लू हलतंय. ह्ये कोरं, आत कायबी न्हाई, नुसता उजेड. आन ह्यो..." त्यांनी ट्रेतल्या एका अंड्याकडे बोट केलं, हात लावला नाही. "ह्यो बाबा कुजका. अठरा दिवस उबेत बसलाय. आत वायू झालाय. ह्येला दिव्यावर धरायचाच न्हाई."

"न धरता कसं कळतं?"

"तोंडावर घाम असतो त्येच्या. असा जागीच ठेवायचा, बाकी समदी उचलायची, मग ट्रेच न्यून खड्ड्यात पालथा करायचा. कुजक्याला उचललं की संपलं."

मी सरांकडे बघितलं. सर केबल जोडत होते. "सर, कुजकं उचलायचं नसतं म्हणे."

"अपवाद भाषेत घालायचे नसतात, हुपरीकर. भाषा विद्रूप होते."

अकरा वाजता आबा आले. पांढराशुभ्र झब्बा, पांढरं धोतर, पांढरी टोपी, इस्त्रीची घडी दिसत होती. खास प्रात्यक्षिकासाठी घातलं असणार. खुर्ची मशीनपासून दोन हातांवर ओढून बसले. सरांनी मला आपल्या शेजारी, स्क्रीनपाशी उभं केलं. "आज तू इथे थांब. आबासाहेबांना स्क्रीन वाचून दाखव."

पहिली ओळ सुरू झाली. हात खाली गेला, अंडं उचललं, दिव्यावर धरलं, ठेवलं. सहाच्या सहा. वजन जुळलं. स्क्रीनवर आलं: ओळ १. प्रयत्न १. चुका ०.

"आयला," आबा म्हणाले. "शकुताई, बघितलं का?"

"बघतीया. पैल्या ओळीत कुजकं न्हाईच हाय," शकुताई म्हणाल्या.

दुसऱ्या ओळीत चौथं कुजकं होतं. कुजकं अंडंही दिव्यावर काळंच दिसतं, भरल्यासारखं, त्यामुळे मशीनने ते भरलेल्यांच्या खोक्यात ठेवलं. इतक्या हळूच ठेवलं की मला अभिमान वाटला. ओळ संपली. पंख्याच्या वाऱ्याने काटा आधीच थरथरत होता, त्यात हे. वजन जुळलं नाही. हिरवा दिवा लागला.

"आता बघा, आबासाहेब," सर डोळे मिटून म्हणाले. "आता माघार."

हात माघारी फिरला. ट्रेतल्या सहाव्या जागेवर गेला, जिथून त्याने शेवटचं अंडं उचललं होतं. जागा रिकामी होती. हाताने तिथून काहीच न उचलता काहीतरी उचललं, ते काहीच दिव्यावर धरलं आणि नेऊन दुसऱ्या खोक्यात ठेवलं. काहीच ठेवताना हवेची फुंकर मारली. मग दिवा. मग परत. मग पाचवी जागा, तीही रिकामी. कपात काही आहे की नाही हे बहुमुखी बघत नव्हती. तिला बघायची गरजच नव्हती. तिच्या लेखी सगळी अंडी परत ट्रेत जाऊन बसलेली होती.

"ह्ये काय करतंय?" आबांनी विचारलं.

"पर्याय शोधतंय," सर म्हणाले. त्यांचं लक्ष स्क्रीनवर होतं. ओळ २. प्रयत्न ९. चुका ०.

आता हात चौथ्या जागेवर पोचला. तिथलं काहीच कोऱ्यांच्या खोक्यात ठेवून, पाचव्या जागेचं काहीच उचलून भरलेल्यांच्या खोक्याकडे निघाला. तिथे चौथं कुजकं आधीपासून बसलेलं होतं. बहुमुखीच्या लेखी ती जागा मोकळी होती, म्हणून हात पूर्ण खाली गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. कोणी दाराआड जोरात थुंकावं तेवढाच. पण मग कपाने हवा ओढली, आणि त्या अंड्यात जे होतं ते नळीत ओढून घेतलं. हिरवट, काळपट, मधे पिसांसारखं काहीतरी. हात शांतपणे वर आला, आबांच्या बाजूच्या खोक्यावर गेला, आणि अंडं सोडण्यासाठी ठरल्याप्रमाणे फुंकर मारली.

आबांच्या झब्ब्यावर खांद्यापासून पोटापर्यंत एक पट्टा उठला. एक थेंब मिशीवर बसला. वास त्यानंतर आला. वास म्हणणं चूक आहे. ती एक वस्तू होती, गरम आणि ओली, ती तोंडात येऊन बसली. माझ्या शेजारी सरांना एकदा जोरात उमळून आलं, पण त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"बंद करा," आबा म्हणाले. तोंड जेमतेम उघडून.

"मधेच बंद केलं तर आत्तापर्यंतची माघार वाया जाईल, आबासाहेब."

हात परत गेला. आता त्याला पंप भरायला भरपूर माल मिळाला होता. ओढायचा, दिव्यावर धरायचा, फुंकायचा. दुसऱ्या फुंकरीत आबांची टोपी. तिसऱ्या फुंकरीत भिंत, कॅलेंडर आणि मी. प्रयत्न ४१. चुका ०. दिव्याच्या गरम काचेवर ते तळलं जाऊ लागलं आणि वासाला खमंगपणा आला. या खमंगपणाने मी जसा मोडलो, तसा आधीच्या कशाने मोडलो नव्हतो. मी कोपऱ्यात जाऊन ओकलो.

"किती वेळा करणार ह्ये?" शकुताईंनी विचारलं.

"सहा अंडी, प्रत्येकी तीन उत्तरं," सर म्हणाले. "सातशे एकोणतीस वेळा. जास्तीत जास्त."

शकुताई उठल्या आणि त्यांनी प्लग उपटला.

बाहेर हौदावर मी हात धूत होतो. साबणाची अर्धी वडी संपली तरी बोटं तशीच. आबा आंघोळीला गेले होते.

"साबणानं जात न्हाई. राखेनं घासा," शकुताईंनी एक डबा पुढे केला.

मी राखेने घासू लागलो. घासताना माझा उजवा हात माझ्यासमोर हलत होता, पुढे मागे, पुढे मागे, आणि त्या हलण्याकडे बघता बघता मी थांबलो.

चार महिने चेंडू ट्रेत परत कोण ठेवत होतं?

मीच ठेवत होतो. पहिल्या दिवशी दिवा लागला तेव्हा एक चेंडू खोक्यातून उडी मारून खाली पडला होता. तो मी उचलून ट्रेत, त्याच्या मूळ जागी ठेवला होता. सरांना आवाज आवडत नसे म्हणून. पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा पडायच्या आधीच उचलून ठेवला. मग दिवा लागला की माझा हात जायचाच, गाणं गुणगुणताना, चहा पिताना, दुसऱ्या हाताने घाम पुसताना. सर कधी टेबलाकडे बघत नसत आणि मी कधी माझ्या हाताकडे बघितलं नव्हतं. बहुमुखी कॉम्प्युटरच्या डोक्यात माघारी जायची. टेबलावर माघारी जायचो तो मी.

मी धावत सरांकडे गेलो. ते टेम्पोच्या सावलीत बसून पाठ्यपुस्तकासारखे शांत होते. मी सगळं सांगितलं. ओरडतील, रडतील, सहा वर्षं वाया गेली म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"मग आज का नाही उभा राहिलास तिथे?" सर म्हणाले.

"तुम्हीच स्क्रीनपाशी उभं केलंत, सर."

"हं." त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे भाषेत दोष नाही."

"सर, अंडी परत ट्रेत ठेवायचं काम भाषा करत नाही. ते मी करत होतो."

"तेच म्हणतोय. घटक गैरहजर होता. आता हजर आहे. आबासाहेबांना सांग, तासाभरात परत दाखवतो."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तुला कायम व्हायचंय ना, हुपरीकर?"

मी हौदावर परत आलो. शकुताई तिथेच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, टेम्पो काही लांब नव्हता.

"आबांना खरं सांगून टाका," त्या म्हणाल्या. "शिव्या देतील. लई घाण देतील. पर डूख धरणारा माणूस न्हाई त्यो."

"आणि माझी ऑर्डर?"

"ते मला काय ठावं. मी तर बावीस वर्सं रोजंदारीवर हाय."

बारा वाजता आम्ही परत सुरू केलं. आबा कुणाची तरी चट्ट्यापट्ट्याची लुंगी आणि बनियन घालून आले. खुर्ची या वेळी दाराबाहेर ठेवली होती. खोली धुतली होती, त्यामुळे वास आता सगळीकडे सारखा पसरला होता. मी मशीनपाशी उभा राहिलो, पांढरा कोट घालून, ओठ घट्ट मिटून.

दिवा लागला. मी सहावं अंडं खोक्यातून काढून ट्रेत ठेवलं. दिवा लागला. पाचवं आणि सहावं. दिवा. चौथं, पाचवं, सहावं. या ट्रेत सात कुजकी होती. कुजकं अंडं हातात घेतलं की कोमट लागतं आणि त्याच्या आतून एक बारीक धडधड जाणवते, खरी का भासाची ते माहीत नाही. मी ती सात अंडी किती वेळा उचलली ते मोजलं नाही. एक माझ्या तळव्यात तडकलं, फुटलं नाही, नुसतं गळू लागलं, मनगटावरून कोपरापर्यंत. ते तसंच त्याच्या जागी ठेवलं. भाषेच्या लेखी ते अखंड होतं, त्यामुळे मशीननेही ते अखंड असल्यासारखं उचललं.

माझ्या डाव्या हाताला शकुताई आपल्या डब्यापाशी बसून त्यांचं रोजचं काम करत होत्या. आमचा एक ट्रे संपायला पावणेदोन तास लागले. तेवढ्या वेळात त्यांनी चाळीस ट्रे हातावेगळे केले आणि मधे चहा प्यायल्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "मी अंडं एकदा उचलते. तुमी त्येच अंडं तीसदा उचलताय. मशीन कुठाय ह्येच्यात?"

मी पाचवं आणि सहावं परत ट्रेत ठेवलं. तोंड उघडायची सोय नव्हती.

शेवटी स्क्रीनवर आलं: ट्रे पूर्ण. चुका ०. सरांनी टाळी वाजवली. आबा दारातून आत आले, तिन्ही खोकी बघितली. शकुताईंना खूण केली. त्यांनी वरवर नजर फिरवली आणि मान हलवली. निवड बरोबर होती.

आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या कोपराकडे बघितलं.

"हुपरीकर सर, एकच विचारतो. अंडी कोण निवडतंय? मशीन का तुमी?"

मी सरांकडे बघितलं. सरांचे डोळे मिटलेले. शकुताईंकडे बघितलं. त्यांनी अंडं भोकावर धरलं होतं, पण मनगट वळवत नव्हत्या.

"मशीन, आबा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मग तुमचा हात मधी कशाला जातोय?"

"तो भाषेचा भाग आहे, आबासाहेब," सर म्हणाले.

"हात? भाषेचा भाग?"

"अविभाज्य भाग," मी म्हणालो. सरांनी मला हे शिकवलं नव्हतं. हे माझ्या मनानेच आलं, आणि किती गुळगुळीत आलं. अंड्याच्या वासाने मी सकाळी ओकलो होतो. या वाक्याने ओकलो नाही, याची किळस मला नंतर कित्येक वर्षं येत राहिली.

आबांनी लुंगीची गाठ नीट केली. "बरं," म्हणाले. "आबा थोरवत दिला शब्द पाळतो. उद्या कॉलेजवर ऑर्डर येईल."

शकुताईंनी मनगट वळवलं आणि अंडं उजवीकडे ठेवलं.

ऑर्डर शुक्रवारी साडेतीनला आली. शिपायाने पाकीट दिलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लूप शिकवत होतो. तास तिथेच सोडला, व्हरांड्यात येऊन पाकीट फोडलं. श्री. मिलिंद हुपरीकर यांची सेवा दिनांक अमुकपासून कायम करण्यात येत आहे. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. आईला फोन करायला ऑफिसात गेलो, नंबर फिरवला, घंटा वाजत होती तेव्हा खालचा परिच्छेद वाचला.

सदर यंत्र संस्थेने हॅचरीसाठी स्वीकारले असून, श्री. हुपरीकर हे त्या यंत्राचा अविभाज्य भाग असल्याचे त्यांनी स्वतः व विभागप्रमुखांनी समक्ष सांगितले आहे. सबब त्यांनी यंत्रासोबत तपासणी खोलीत रुजू व्हावे. वेळ सकाळी आठ ते पाच. त्यांनी श्रीमती शकुंतला वायदंडे, पर्यवेक्षक, यांना हजेरी द्यावी.

"मिलिंद?" फोनवर आई म्हणाली. "काय रे, झालं का काम?"

"झालं," मी म्हणालो. "कायम झालो."

"कुठल्या विषयाचा?"

मी फोन ठेवला.

सरांना जाऊन भेटलो. ते शोधनिबंध लिहीत होते, बंगळुरूच्या परिषदेसाठी. मी ऑर्डर पुढे केली. त्यांनी वाचली. "अरे, हे उत्तमच," म्हणाले. "प्रत्यक्ष वापराची आकडेवारी मिळत जाईल." मग त्यांनी मला निबंधातली आकृती दाखवली. बहुमुखीचे सगळे भाग चौकोनांत काढले होते. उजवीकडे, माघारीच्या बाणापाशी, एक छोटा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, पूर्वस्थिती घटक.

"हा तू," सर म्हणाले. "नाव नाही टाकलं. घटकांची नावं टाकत नाहीत."

"सर, तुम्ही आबांना सांगा ना खरं."

"आता कसं सांगणार? तू समक्ष सांगितलं आहेस." त्यांनी डोळे मिटले. "आणि परिषद तोंडावर आलीय."

शनिवारी सकाळी आठला मी हॅचरीत गेलो. शकुताई खुर्चीवर बसल्या होत्या. पाटावरची खुर्चीवर, एवढा बदल. समोर हजेरीचं बुक होतं. माझं नाव त्यांनी मला लिहायला लावलं आणि त्यापुढे स्वतः अंगठ्याएवढी सही केली.

"ताई, तुम्ही तरी आबांना..." मी म्हणालो.

"त्येनी मला गुरुवारीच विचारलं व्हतं. मशीन चालू असताना मी चहाला भाईर आले व्हते तवाच," शकुताई म्हणाल्या. "म्या सांगितलं, मशीन न्हाई, मास्तर निवडतोय. आबा म्हणाले, मला बी दिसतंय. बघू, त्येच्या तोंडनं काय निघतंय." त्यांनी राखेचा डबा माझ्याकडे सरकवला. "कोट घाला. आज अठराव्या दिवसाचे साठ ट्रे हायत."

मी कोट घातला आणि मशीन सुरू केलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या ट्रेच्या चौथ्या ओळीतलं तिसरं अंडं माझ्या हातात फुटलं. त्या वेळी माझं तोंड उघडं होतं. मी शकुताईंना जेवायची सुट्टी किती वाजता असते ते विचारत होतो.